पाताळातली गळती

आमच्या घरात भूशास्त्राचा पहिला धडा आईने दिला. तो असा होता : "मेल्या, कडप्प्यावर लिंबू सांडलंस! उठलं बघ पांढरं!" काळाभोर ओटा, रोज तेलाचं बोट फिरवून चमकवलेला, आणि त्यावर दोन थेंब पडले की जन्माचा डाग. सोलापुरातल्या प्रत्येक पोराच्या पाठीला हे शास्त्र तोंडपाठ असतं. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड आणि त्याला आंबट सोसत नाही, हे कारण मात्र पुढे कित्येक वर्षांनी आमच्या कट्ट्यावरच्या मास्तरांनी सांगितलं. भूगोलाचे मास्तर निवृत्त होतात, भूगोल त्यांच्यातून निवृत्त होत नाही.

"ज्या मुलखातून तुझा ओटा आला ना," मास्तर म्हणाले, "तिथं पावसानं लाखो वर्षं लिंबू पिळलंय. जमीन आतून पोखरून निघालीय. बेलमच्या गुहा. सव्वातीन किलोमीटर!"

"सव्वातीन किलोमीटर पोकळ?" ठेकेदार सावरून बसला. "आणि वर काय हाय?"

"शेती."

"खचत नाही?"

"नाही."

"कुणाचं डिझाइन हाय बे ते?"

झालं, ट्रिप ठरली. म्हणजे व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, 'चलो पाताळ' असं नाव पडलं, 'मी तर नक्की' म्हणणारे सगळे एकेक करून गळाले आणि ज्यांना घरून 'जा एकदाचे' असा मनापासून निरोप मिळाला तेवढे उरलो. मास्तर तर होतेच. ठेकेदार सोलापुरात फ्लॅट बांधतो आणि म्हणून शक्यतो फोन उचलत नाही. अण्णा बँकेतून निवृत्त. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ते फोल्डर उशाला घेऊन झोपणारे. 'डॉक्टर' हा डॉक्टर नाही, त्याचं मेडिकलचं दुकान आहे. पण करोनात त्याने जो ऑक्सिमीटर खिशात घातला तो अजून बाहेर काढलेला नाही, म्हणजे सारखा बाहेर काढतो. शिनू हा आमचा दुभाषा. सोलापुरात विणकरांच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, शिनूचं त्यातलंच एक. "आंध्रात मी हाय ना, तुम्ही नुसतं गप बसायचं," हे त्याने रिझर्वेशनच्या आधीच सांगून टाकलं. आणि माझं काम दर वेळचंच : सगळ्यांत मागे राहून 'आले का रे सगळे?' असं विचारणं. लोक त्याला जबाबदारीची जाणीव समजतात. वास्तविक मला पुढे जायची भीती वाटते.

चेन्नईकडे जाणारी रात्रीची गाडी धरली. वाडी, रायचूर, गुंटकल, गुत्ती आणि मग ताडिपत्री, असा तो मार्ग. वाडीला डबा संपला तरी मास्तरांचा भूगोल संपेना. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, मातीतून झिरपताना आणखी घेतो. पाणी किंचित आंबट होतं. ते चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत जातं. पुढे तेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने गळतं, तेव्हा त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो. थर चढत जातात. छतातून लोंबतात ते लवणस्तंभ, खाली पडलेल्या थेंबांतून वर उगवतात तेही लवणस्तंभ, आणि दोघे भेटले की खांब.

"किती दिवसांत भेटतात?" ठेकेदाराने विचारलं.

"अरे, शंभर वर्षांत एखादा सेंटीमीटर वाढला तर वाढला."

"म्हणजे आपल्या ड्रेनेजच्या कामासारखं," वरच्या बर्थवरून डॉक्टर म्हणाला. तेवढ्यात मास्तर रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकापर्यंत पोचले होते. याच फूटसाहेबांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला आदिमानवाची दगडी कुऱ्हाड सापडली, आणि याच साहेबांनी १८८४ मध्ये बेलमच्या गुहांची पहिली नोंद केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं आत डोकावलं नाही. मग १९८२ मध्ये डॅनिएल गेबाउअर नावाचा जर्मन माणूस आपली टोळी घेऊन आला, सरपटत सरपटत आत गेला आणि त्याने नकाशे काढले. तोवर गावकरी त्या बिळात आसपासचा कचरा टाकत. यावर मास्तर हळहळले. मला मात्र त्या गावकऱ्यांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. घराशेजारी खोल खड्डा दिसल्यावर त्याची खोली मोजायची बुद्धी होणं ही जर्मन गोष्ट आहे. आपल्याला आधी पिशवी आठवते.

पहाटे ताडिपत्रीला उतरलो आणि शिनूने ताबा घेतला. जीपवाल्याशी तो जवळजवळ दोन मिनिटं तेलुगूत बोलला. हातवारे झाले, हसू झालं, एक म्हणसुद्धा झाली असावी. जीपवाल्याने सगळं अदबीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सार, आप हिंदी में बोलो."

शिनूचे पूर्वज आले तेलंगणातून. त्या तेलुगूला सोलापुरात शंभर वर्षं मराठी-कानडीची फोडणी बसलेली. रायलसीमेतल्या माणसाला त्यातलं नुसतं 'बे' कळलं. शिनू त्यानंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

खिडकीबाहेर दगड होता. ताडिपत्रीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फरशीचे कारखाने, आणि काळ्या-करड्या लाद्या रांगेने उभ्या करून ठेवलेल्या. ठेकेदाराने जीप थांबवली. आम्हाला वाटलं, निसर्गाची हाक. तो उतरून थेट एका कारखान्यात गेला आणि फुटाचा भाव विचारून आला. तो कळल्यापासून त्याचा चेहरा पडला. सोलापुरात आपण गिऱ्हाइकाला काय भावाने लावतो याचा नाही, आपल्याला दुकानदाराने काय भावाने लावलं याचा त्याला धक्का बसला होता. त्यानंतर अर्धा तास तो नुसता "मायला" एवढंच म्हणत होता.

बेलमला पोचल्यावर पहिली शंका अशी आली की जीपवाल्याने चुकीच्या जागी सोडलं. गुहा म्हटल्यावर डोंगर हवा ना! आपल्याकडे कार्ले घ्या, भाजे घ्या, अजिंठा घ्या. आधी चढायचं, धापा टाकायच्या, मग लेणं. इथे सपाट माळ, शेतं, बुद्धाची एक मोठी मूर्ती, आणि मध्येच जमिनीला विहिरीसारखं भोक. त्या भोकात पायऱ्या उतरत गेलेल्या. अण्णांनी स्वेटर चढवला, त्यावर मफलर, कानटोपी.

"अण्णा, हे काय?"

"गुहेत गार असतंय. मी वाचलंय."

असतं, बऱ्याच गुहांत असतं. बेलम गुहा मात्र उबट आणि दमट म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या वळणाला मफलर निघाला, दुसऱ्याला स्वेटर, आणि पुढे अण्णा जे बनियनवर आले ते शेवटपर्यंत बनियनवरच. काढलेले कपडे हातात घेऊन ते तीर्थावर स्नानाला निघाल्यासारखे चालत होते. समोरून येणाऱ्या एका कुटुंबाने त्यांना नमस्कारही केला.

गाइडला अण्णांनी पहिलाच प्रश्न तो विचारला, जो प्रत्येक मराठी माणूस कुठल्याही गुहेत विचारतो. "किसने बनाया?" यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा. त्याला पाणी असं विरघळवत नाही. आपल्याकडची गुहा म्हणजे कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या खपलेलं असणार, मग तो सातवाहन की राष्ट्रकूट एवढाच वाद.

"पानी ने, सार," गाइड म्हणाला.

अण्णांनी वहीत लिहून घेतलं : 'पाणिनी.' नंतर चहाला वही उघडली तेव्हा ते सापडलं. व्याकरणकार इतका हरहुन्नरी असेल असं आपल्याला वाटलं नव्हतं, एवढंच ते म्हणाले.

आतलं वर्णन करायला घ्यावं तर अडचण अशी, की आम्ही गुहा म्हणून फारशी बघितलीच नाही. सव्वातीन किलोमीटरांपैकी दीडेक किलोमीटर लोकांसाठी खुली आहे. कुठे देवळाच्या मंडपाएवढं दालन, तर कुठे पोट आत ओढून जावं लागेल अशी बोळकांडी. भिंतींवर पाण्याने घासलेल्या लाटाच लाटा. पण माणूस दगड बघतो कुठे? दगडात कोण दिसतं ते बघतो. गाइड बॅटरीचा झोत टाकून सांगायचा, हे वडाचं झाड, ह्या पारंब्या; हे हजार फण्यांचे नाग; ही ऋषींची झोपायची जागा, ही उशी. एका कमानीत सिंहाचं तोंड आहे म्हणतात. काही जण तिलाच मांजराचं दार म्हणतात. ती सिंह की मांजर यावर अण्णा आणि डॉक्टर यांच्यात असा वाद पेटला, की मागच्या लोकांना वाट मिळेना. शेवटी एक बाई म्हणाल्या, "जो भी है, उसको बाजू में लो."

मग आमची स्वतःची दृष्टी उघडली. मास्तरांना एका भिंतीवर खंबायतच्या आखातासकट अख्खं भारतीय द्वीपकल्प दिसलं. डॉक्टरला फुप्फुसं दिसली, तीही सिगरेट ओढणाऱ्याची. शिनूला माग दिसला. ताणा, बाणा, सगळं. आणि एका कोपऱ्यात सगळ्यांना एकदम गणपती दिसला.

"ती बघ सोंड."

"डावी की उजवी?"

"उजवी हाय. कडक असतोय. चपला काढा."

मला काहीच दिसत नव्हतं. मी मान तिरकी केली, चष्मा पुसला, एक डोळा मिटला. दगड तो दगडच. पण पाच मित्र हात जोडून उभे असताना 'मला दिसत नाही' म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. "वा! काय भाव आहेत चेहऱ्यावर!" मी म्हणालो. त्यावर शिनूने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चेहरा कुठंय पण?" पुढे बघतो तर मागून आलेली माणसंही थांबत होती, आमच्याकडे बघून हात जोडत होती, आणि कुणीतरी एक रुपया ठेवलासुद्धा. अजून एक तास थांबलो असतो तर नारळाचं दुकान लागलं असतं.

या सगळ्यांत ठेकेदार एकटा वेगळा होता. त्याला ना नागात रस होता ना गणपतीत. तो पहिल्या दालनापासून मान वर करून छताकडे बघत होता.

"एवढा स्पॅन," तो पुटपुटला. "मधी कॉलम नाही. बीम नाही." थोडं पुढे गेल्यावर, "सेंट्रिंग कधी काढलं असंल?" मग त्याच्या टकलावर टपकन थेंब पडला. त्याने बोटाने पुसला, चाटून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "मास्तर, हे गळतंय."

"गळणारच. त्याशिवाय लवणस्तंभ कसा होणार?"

"म्हणजे लाखो वर्षं स्लॅब गळतोय, कुणी दुरुस्त केला नाही, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात?"

"तसंच म्हण."

ठेकेदार कितीतरी वेळ बोलला नाही. आयुष्यभर ज्याला शिव्या खाव्या लागल्या, त्याचं मंदिर बांधलेलं बघितल्यावर माणूस गहिवरतोच.

कोटिलिंगमला पोचलो. छतापासून जमिनीपर्यंत लवणस्तंभांची दाटी, सगळे शिवलिंगांच्या आकाराचे. सोलापूरकरांना लिंगांचं अप्रूप सांगायचं नसतं. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्यांना प्रदक्षिणा घालतात. तेव्हा लिंग मोजणं हे आमच्या रक्तात आहे. अण्णांनी बनियनच्या आतून वही काढली.

"कोटी म्हणतो हा. कोटी नाहीत."

"अण्णा, कोटी म्हणजे पुष्कळ हो."

"पुष्कळ म्हणजे किती? आकडा लिहिल्यावर आकडा पायजे." अण्णा कोपऱ्यातून मोजायला लागले. साठच्या पुढे गेले, तेवढ्यात डॉक्टरने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडे एकमेकांत मिसळले. "सत्त्याण्णव," डॉक्टर म्हणाला. "मी सत्त्याण्णव मोजले नव्हते," अण्णा म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून.

खरं तर आत ताजी हवा सोडायची सोय आहे, घाबरायचं काही नव्हतं. पण एकदा यंत्र निघाल्यावर कोण ऐकतो! शिनू अठ्ठ्याण्णव, मास्तर शहाण्णव. मास्तरांना शहाण्णव कमी वाटले. त्यांनी फेरतपासणी मागितली. मला पंच्याण्णव आले आणि सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी तिथेच माझ्या बायकोला काय सांगायचं ते सांगून टाकलं. शेजारून जाणारे एक आजोबा थांबले, त्यांनीही बोट पुढे केलं. नव्व्याण्णव! वय ऐंशीच्या पुढे असावं. ते हसून भराभरा पायऱ्या उतरून गेले.

सप्तस्वरांची गुहा म्हणून एक जागा आहे, तिथले लवणस्तंभ ठोकले की वेगवेगळे सूर निघतात. गाइडने बोटांच्या पेरांनी टकटक केलं. खरोखर घुमारेदार, धातूसारखा नाद आला. सगळे 'वा' म्हणाले. अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात.

"धैवत उतरलाय," ते म्हणाले.

"अण्णा, निसर्गाचं आहे ते," मास्तर म्हणाले.

"मग काय बेसूर चालायचं?"

आता पाताळगंगा उरली होती. गुहेतली ही सर्वांत खोल जागा, वरच्या जमिनीपासून सुमारे दीडशे फूट खाली. चिंचोळी उतरण, घामाने निसरडे झालेले हात, आणि खाली एक झरा, जो कुठून तरी येतो आणि आणखी खोल कुठे तरी नाहीसा होतो. जागा खरंच विलक्षण आहे. तिथे आम्हीसुद्धा जवळजवळ मिनिटभर गप्प होतो. मग अण्णांनी मिनरल वॉटरची रिकामी बाटली काढली. घरून हुकूम होता. तीर्थ भरून, बूच घट्ट लावून त्यांनी ती स्वेटरमध्ये गुंडाळली.

आणि तेवढ्यात दिवे गेले.

"गेली!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. (इथे धैवत बरोबर लागला.) हे आमचं शिक्षण, वीज गेल्यावर काय करायचं हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही, पहिल्यांदा 'गेली' म्हणायचं. पण घरी वीज जाते तेव्हा काळोख होतो असं आपण उगीच म्हणतो. घरी खिडकी असते, चांदणं असतं, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर असतो. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट घालून बघावं लागत होतं. कुणीतरी माझा हात घट्ट धरला. मला फार बरं वाटलं. भीती वाटणारा मी एकटा नाही, एवढ्या वर्षांच्या मैत्रीत हे पहिल्यांदाच कळत होतं. मीही तो हात दाबला. अंधारात शिनूचा आवाज आला, "मोबाइल लावा की बे कुणीतरी!" पाच मोबाइल निघाले. सकाळपासून दगडांचे फोटो काढून सगळ्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या.

अर्ध्या मिनिटात दिवे आले. माझा हात बळ्ळारीहून आलेल्या एका अनोळखी काकांच्या हातात होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, हात सोडले, आणि त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. झालं, म्हणालो.

परतीच्या गाडीत कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. फोटो बघायला घेतले तर सगळे सारखेच. पिवळा दगड आणि त्यापुढे घामेजलेला माणूस. गणपतीचा फोटो पाच मोबाइलांत होता, आणि एकातही कुणाला सोंड सापडली नाही. मी काही बोललो नाही. गुंटकलला जाग आली ती अण्णांच्या ओरडण्याने. शिनूला रात्री तहान लागली होती. उशाशी कसली तरी बाटली होती.

"पूर्ण?" अण्णांनी विचारलं.

"थोडं चुन्यासारखं लागलं," शिनू म्हणाला. डॉक्टरने त्याच्या बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णवच होते. पुढच्या स्टेशनवर अण्णांनी नळाखाली तीच बाटली पुन्हा भरली आणि आम्हा सगळ्यांना देवाची शपथ घातली.

रायचूर गेलं आणि ठेकेदाराचा फोन वाजला. अख्खा दिवस जमिनीखाली रेंज नव्हती, त्यामुळे त्याचा चेहरा कसा तजेलदार झाला होता. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याने चक्क फोन उचलला. स्पीकरवर. तिसऱ्या मजल्यावरचे काका होते.

"अहो, बाथरूमचा स्लॅब अजून गळतोय. तीन वेळा सांगितलं तुम्हाला."

एरवी ठेकेदार 'प्लंबर निघालाय' म्हणतो. आज तो क्षणभर गप्प राहिला. "काका," त्याने हळुवार विचारलं, "पांढरं काही लोंबतंय का हो वरून?"

"लोंबतंय ना! काडीसारखं. मी उद्या खरवडून—"

"हात लावू नका!" ठेकेदार बर्थवरून उठून उभा राहिला.

"का? करंट आहे का त्यात?"

"लवणस्तंभ आहे तो काका! शंभर वर्षांत एक सेंटीमीटर होतोय!"

"आमचा तर दिवाळीपासून बोटभर झालाय."

ठेकेदाराने घाबरून मास्तरांकडे बघितलं. मास्तर डोळे मिटून पडले होते, पण विषय निघाल्यावर त्यांना राहवेना. "बरोबर आहे त्यांचं. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर उतरतो तेव्हा असेच लवणस्तंभ होतात. आणि ते गुहेतल्यापेक्षा कितीतरी वेगानं वाढतात."

"ऐकलंत का काका?" ठेकेदाराचा आवाज अभिमानाने भरून आला. "पाण्याला जे काम लाखो वर्षं लागलं, ते आपण दोन वर्षांत करून दिलंय!"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नुसता थेंब पडल्याचा आवाज येत होता.

"बरं," काका म्हणाले. "मग या महिन्यापासून सोसायटीचा मेंटेनन्स पुरातत्त्व खात्याकडं मागू का?"